चार गिअर मागे, एक पुढे

रोसारिओ, बातांगास, फिलिपिन्स
११ जानेवारी १९८८

प्रिय कुया आंबो,

थोरल्या भावाची तब्येत आधी विचारायची असते हे मला माहीत आहे, पण पोटात मावत नाही म्हणून सांगून टाकते: मी जीप घेतली! जुनी आहे, पण अंग अख्खं स्टीलचं. इतकी चकचकीत की सकाळी बॉनेटमध्ये बघून केस विंचरते. सोळा वर्षं ट्रायसिकल रिक्षाला लटकत शाळेत गेले, आता टीचर स्वतःच्या गाडीतून उतरते.

आता ओरडू नकोस. तिला एक खोड आहे. ती रडते, आणि मागून रडते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'ऊंऊंऊं', पाय काढला की गप्प. वळणावर आत काहीतरी कटकटतं. तीसच्या वेगाला गाय हंबरावी तसं, चाळीसला ती गाय कुणीतरी चोरून नेतंय तसं. मी आंब्याच्या बागेपाशी पोचले की वर्गात ऐकू जातं, त्यामुळे मी दारात येते तेव्हा सगळी मुलं पाढे म्हणत असतात. इतकी अभ्यासू शाळा अख्ख्या प्रांतात नसेल.

तू तिकडे सौदीत दम्माममध्ये कंपनीचे एवढाले ट्रक दुरुस्त करतोस, तर घरच्या जीपचं दुखणं पत्राने सांग. गावात माएस्त्रो दोरो आहेत. तेच, जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्यांचं उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे बसवून देणारे. ते 'बघतो' म्हणाले. बघू देऊ का?

बेनिंग

ता. क. मला सांभाळायचं आईला वचन दिलंस म्हणून माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतोस. या वेळी खुपस, परवानगी आहे.


दम्माम
२९ जानेवारी

इनेंग,

जीप! धाकटीने, मला न विचारता! घेण्याआधी मागचं चाक उचलून हाताने फिरवून बघितलंस? नाही बघितलंस. बॉनेटमध्ये केस बघितलेस.

ऐक. दाबलं की रडते आणि सोडलं की गप्प, म्हणजे डिफरन्शियल. खाली वाकून बघ. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा दिसेल, तो. त्याच्या आत दात्यांचं एक मोठं चाक असतं आणि त्याला फिरवणारं एक छोटं. आम्ही त्यांना क्राऊन आणि पिनियन म्हणतो, तू नवरा-बायको म्हण. फार जवळ आले की तापतात, फार लांब राहिले की आदळआपट करतात. मध्ये केसाएवढी फट लागते. ती फट बसवणं हे नाजूक काम आहे. उजव्याचं डावं करणाऱ्यांनी यात पडू नये.

दोरो मकातांगायला उघडून बघू दे, पण हात लावू देऊ नकोस. आत काय दिसतं ते मला लिही. आणि सावध राहा. मेकॅनिक लोक कसे असतात हे मला चांगलं माहीत आहे, मी त्यांच्यातलाच एक आहे.

कुया आंबो


रोसारिओ
२० फेब्रुवारी

प्रिय कुया,

उघडलं. माएस्त्रो दोरोंनी झाकण काढलं, आत बॅटरी मारली, आणि एक बोट आत घालून बघितलं. मग म्हणाले, "टीचर, आत केळी कुणी ठेवली?"

खरंच केळी! सालं आणि लाकडाचा भुसा. ज्याने मला जीप विकली त्याने आवाज दाबायला ठासून भरलं होतं. तिया चारिंग शेजारून आलीच होती. तिने चिमूटभर नाकाशी धरलं आणि निकाल दिला, "सबा केळी. पिकलेली. तळली असती तर निदान खाता आली असती."

खालचे दात आपल्या आजोबांसारखे झालेत, त्यामुळे दुरुस्ती नाही. माएस्त्रो दोरो भंगार बाजारात दोन दिवस फिरले आणि जपानहून आलेल्या एका गाडीचा मागचा अख्खा आक्सल, भोपळ्यासकट, शोधून आणला. दात चांगले आहेत, पण फट बिघडलेली. बेअरिंग नवी घातली. आता दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते बघायला म्हणे दातांना रंग लावून चाक फिरवतात. त्यांच्याकडचा रंग वाळून खडा झाला होता. मी पर्समधली लिपस्टिक दिली.

"वाया जाईल हो, टीचर."

"वापरतंय कोण, माएस्त्रो?"

"का? ओठ भाड्याने दिलेत?"

मी लगेच बेअरिंगचा विषय काढला. दातांवरचा ठसा पातळ कागदावर उतरवून सोबत पाठवते आहे. लिपस्टिक शाळेच्या नाटकासाठी घेतली होती.

बेनिंग


दम्माम
९ मार्च

इनेंग,

तुझ्या पत्राने माझी अब्रू गेली. आम्ही सहा जण एका खोलीत राहतो. पाकीट उघडलं आणि लाल ठशांचा कागद तरंगत जाऊन बरोबर सेबूच्या बेर्तिंगच्या मांडीवर पडला. तो म्हणाला, "आंबो, ही बाई चुंबन घेते की चावते?" आठवडा झाला, कँटीनवालासुद्धा मला 'वहिनी कशा आहेत' विचारतो. कागदावर मागून 'डिफरन्शियल' असं मोठ्या अक्षरात लिहीत जा.

कामाचं बोलू. ठसा दाताच्या टोकाकडे आलाय. पिनियनच्या मागे पातळ चकती घालून ते आत सरकवायला सांग. ठसा दाताच्या बरोब्बर मध्यावर आला पाहिजे, तांदळाच्या दाण्यासारखा. कागदासारख्या पातळ चकत्या, एकेक घालायची, परत खोलायचं, परत बघायचं. भल्याभल्यांचा धीर सुटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये गमतीने म्हणतात की ज्याला हा ठसा मध्यावर आणता येईल त्याला आपली बहीण द्यावी. गंमत आहे ती. त्या दोरोला सांगू नकोस.

माणूस भंगार बाजारात दोन दिवस फिरला हे मात्र त्याने बरं केलं.

कुया आंबो

ता. क. नाटक कुठलं? शाळेचं नाटक तर डिसेंबरात होतं.


रोसारिओ
२८ मार्च

प्रिय कुया,

नाटक जुनंच होतं, लिपस्टिक उरली होती.

तुझी गंमत मी दोरोला सांगितली नाही. पत्र टेबलावर होतं आणि त्याने वाचलं. वाचून उठला, साबण लावून हात धुतले, आणि सगळं खोलून पहिल्यापासून फट मोजायला बसला. दुधाच्या डब्याच्या पत्र्यातून चकत्या कापल्या. नऊ वेळा बसवलं, नऊ वेळा काढलं. तिया चारिंग म्हणाली, "अरे, एवढ्या वेळात पोरं मोठी होतात." तो म्हणाला, "आधी ठसा येऊ दे, तिया."

दहाव्या वेळी आला. सोबत कागद आहे, मागे 'डिफरन्शियल' लिहिलं आहे. तूच बघ, तांदळाचा दाणा आहे की नाही!

रंग वेगळा दिसेल. पहिली लिपस्टिक संपली, ही नवी आहे, जरा गुलाबी. दोरो म्हणाला, ही जास्त खुलते. म्हणजे दातांवर.

बेनिंग


रोसारिओ
३० मार्च

माननीय कुया आंबो,

मी हे पत्र बेनिंगला न सांगता लिहीत आहे. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ठसा आपण बघितला असेलच. आपण बोललात ती गंमत होती हे मला समजतं. मी मात्र दहाही वेळा गंमत म्हणून खोललेलं नाही.

माझी आई, नानाय सेला, एक्क्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, मुलीच्या घराच्या पायऱ्या चढून मागणी घालायची तर आधी घरच्या मोठ्याला दिवस विचार. आपल्या घरी मोठे आपण आहात. तर आपल्या पायऱ्या आम्ही कधी चढाव्या?

आपला,
तेओदोरो मकातांगाय


दम्माम
१७ एप्रिल

बेनिंग,

हा कुया कुणाला म्हणतो? मी त्याचा थोरला भाऊ? तो एकोणपन्नासचा, मी शेहेचाळीसचा! गावात त्याने मला गोट्यांत हरवलेलं आहे, तेव्हा मला 'ए शेंबड्या' म्हणायचा. जगात मला कुया म्हणणारं माणूस एकच आहे, आणि तिचा नवराच फक्त तिच्यामागून मला तसं म्हणू शकतो. म्हणजे हा मनातल्या मनात घरात येऊन बसलासुद्धा!

आणि तू! त्याच्या नावामागचं 'माएस्त्रो' कुठे गेलं? फेब्रुवारीत होतं. मी इथे गुलाबी कागद उजेडात धरून दात बघत बसलो आणि नाकासमोरचं दिसलं नाही. बेर्तिंगला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

मी तुझी स्थळं परतवली, मान्य आहे. तो पोस्टमन क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायचा. तो औषधवाला प्रत्येक वळणावर ब्रेक मारायचा. अशा माणसांच्या शेजारी आयुष्यभर बसायचं म्हणजे काय, हे तुला कळत नव्हतं. मला कळत होतं. पण तेव्हा तुला एकदाही विचारलं नाही, हे इथे या खोलीत पडल्या पडल्या लक्षात येतं. तर विचारतो. तुला हवाय का तो? एका ओळीत उत्तर दे.

हवा असेल तर माझी अट त्याला वाचून दाखव. बारा जूनला स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे, त्या दिवशी त्याने पायऱ्या चढाव्या. आईला घेऊन यावं, आणि त्याच जीपमधून यावं. माझ्या जागी तिया चारिंग दारात बसेल आणि कान लावेल. गाडी पायऱ्यांपाशी येईपर्यंत एकदा जरी 'ऊं' झालं, तर तिथूनच परत जायचं.

ठसा चांगला आहे. हे त्याला सांगू नकोस.

कुया आंबो


रोसारिओ
८ मे

प्रिय कुया,

एका ओळीत: हो.

दुसरी ओळ: हो, हो, हो. एकोणचाळिसाव्या वर्षी मी अंगणात एकटी गिरक्या घेते आणि कोंबड्या बघत राहतात.

आक्सल चढवला. स्प्रिंगच्या बैठका नव्याने वेल्ड केल्या, कारण जपानी मापं आपल्या जीपला बसत नाहीत. कुया, आवाज नाही! थेंबभरही नाही. तिया चारिंग खाली रस्त्यावर कान टेकून बसली, तिला स्वतःची बांगडी ऐकू आली. आणि एक सोय आपोआप झाली आहे. पूर्वी तेल भरायला खाली आडवं पडावं लागायचं. आता बोल्ट वरच आलाय, मागची फळी उचलली की नरसाळं लावून ओतता येतं.

चारही गिअर छान चालतात.

दोरो सध्या फादरच्या कोंबड्यांचं खुराडं नवीन बांधून देतोय. सहज. पुण्याचं काम.

बेनिंग


दम्माम
२४ मे

बेनिंग,

तेल वरून?

तेल सोडायचा बोल्ट खाली असतो, बाई. जगातल्या प्रत्येक गाडीत खाली असतो, कारण तेल खाली पडतं. तो वर आला म्हणजे आक्सल उलटा चढलाय. आणि आक्सल उलटा असला की चाकं उलटी फिरतात.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. फादरचं खुराडं जीपच्या पुढे होतं की मागे?

आंबो


रोसारिओ
१० जून

माननीय कुया,

मागे होतं.

बेनिंगने पहिला गिअर टाकला, पुढे बघितलं, आणि आम्ही खुराड्यात गेलो. कोंबड्या सगळ्या सुखरूप आहेत. एक तर त्या दिवसापासून जास्त अंडी देते. जीपला आता चार गिअर मागे जायला आहेत आणि पुढे जायला एक, तो रिव्हर्सचा.

हे कसं झालं ते सांगतो. बावीस वर्षं मी जपानी गाड्या उजव्याच्या डाव्या करतो. स्टिअरिंग फिरवायचं, पेडल फिरवायची, वायपर फिरवायचे. तिकडची वस्तू हातात आली की ती आपल्यासाठी उलटी करायची, ही सवय माझ्या हातांनाच लागली आहे. आक्सल आला तेव्हा डोकं सगळं ठशात होतं. हातांनी त्यांचं काम केलं.

सरळ करायला दीड दिवस पुरे. महिनाभर मी आक्सल सरळ केला नाही, कारण चूक लपवून आपल्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या आणि आपल्याला लिहायचं धैर्यही होत नव्हतं. आज आपलं पत्र आलं आणि बरं वाटलं. परवा बारा तारीख आहे, आपलं उत्तर येणं शक्य नाही. बेनिंग म्हणते, अट नीट वाच, आवाजाचं लिहिलं आहे, दिशेचं नाही. ती टीचर आहे, तिच्याशी वाद घालता येत नाही. तर मी चूक आहे तशीच घेऊन येतो. पुढे जे म्हणाल ते मान्य.

आपला,
तेओदोरो


रोसारिओ
१३ जून

प्रिय कुया,

आले! काल सकाळी नऊ वाजता, तिसऱ्या गिअरमध्ये, पाठमोरे!

गॅरेजपासून आपलं घर तीन किलोमीटर. दोरो मान पूर्ण वळवून चालवत होता (मान आज सकाळीही तशीच आहे). मागच्या बाकाच्या टोकाला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, नानाय सेला बसली होती, मांडीवर गोड भाताच्या सुमानची टोपली, डोक्यावर लेसची ओढणी. सुट्टीमुळे झेंड्याची मिरवणूक निघाली होती. बँडवाल्यांना वाटलं, ही म्हातारी कुणीतरी पाहुणी आहे. ते मागे लागले. मग मुलं, मग कुत्री. चौकात पोलिसाने शिट्टी मारली.

"माएस्त्रो, रिव्हर्समध्ये कुठे निघालात?"

"रिव्हर्समध्ये नाही हो. तिसऱ्यात आहे. बघा हात लावून."

त्याने वाकून गिअरचा दांडा बघितला. मग मागे बघितलं, पुढे बघितलं. "ठीक आहे," म्हणाला, "पण हळू जा." नक्की कशासाठी दंड करायचा ते त्याला सुचेना.

आपल्या दारात तिया चारिंग तुझ्या खुर्चीत बसली होती, तुझी टोपी घालून. तिने हात वर करून बँड थांबवला. कुत्रीसुद्धा गप्प झाली. आणि त्या शांततेत आपली जीप येत राहिली. कुया, मला फक्त चाकांखालची खडी ऐकू येत होती. 'ऊं' नाही. मागची पायफळी हळूच आपल्या पायऱ्यांना लागली, आणि नानाय सेला उठून सरळ दुसऱ्या पायरीवर उतरली. खाली उतरावंच लागलं नाही! ओढणी सारखी करत म्हणाली, "एक्क्याऐंशी वर्षांत पहिली गाडी बघितली, जी म्हातारीला आधी पोचवते."

बराको कॉफी झाली, सुमान संपलं, दोरोने शर्टाची गुंडी चार वेळा लावली आणि विचारलं. तिया चारिंगने तुझी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग म्हणाली, "आवाज आला नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण आंबोला कळवू काय? हे लोक आले, की गेले?"

तिला ठरवता येईना. तुझ्यावर सोडलं आहे. नानाय सेला म्हणते, उत्तर येईपर्यंत ती रोज येऊन कॉफी पीत बसणार, पायऱ्या तिला सोप्या पडतात. दोरो आक्सलला हात लावत नाही, खुर्चीत बसून पाय हलवतो. मी गिरक्या बंद केल्या आहेत. लवकर लिही, कुया.

बेनिंग


दम्माम
२ जुलै

इनेंग,

ते आले. गेले नाहीत. तिया चारिंगला सांग, माझ्या वतीने तोंड गोड कर आणि माझी टोपी परत ठेव.

तुझं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. पोलिसापाशी आलो आणि पुढे वाचता येईना. बेर्तिंगने हिसकावून घेतलं, त्यालाही येईना. शेवटी कँटीनवाल्याने पूर्ण केलं. शेजारच्या खोलीतली धरून अकरा माणसं जमिनीवर बसून हसता हसता रडत होती आणि फोरमन दारात येऊन विचारत होता, कोण गेलं?

दोरोला हे वाचून दाखव. आवाज चुकला असता तर मी परत पाठवलं असतं. दिशा चुकली, पण ती त्याने माझ्यापासून लपवली नाही, उलट अख्ख्या गावातून मिरवत माझ्या दारात आणली. माझ्या हाताखाली चौदा मेकॅनिक आहेत. त्यातला एकही असा आला नसता. मीही आलो नसतो. त्याने मला खुशाल कुया म्हणावं. गोट्या मात्र परत खेळायच्या, ते राहिलंय.

मला डिसेंबरात सुट्टी मिळाली आहे. लग्न तेव्हा करा. तोपर्यंत आक्सल सरळ करू नका. हो, मीच सांगतोय. दात उलट्या बाजूने, पाठीवर चालतायत, फार वर्षं चालणार नाहीत, पण गावातल्या गावात डिसेंबरपर्यंत टिकतील. तेल वेळेवर बघा, वरून.

कारण सांगतो. आठ वर्षांत मी तीनदा घर सोडलं. तिन्ही वेळा बसच्या मागच्या काचेतून मान वाकडी करून तुला बघत राहिलो, आणि तिन्ही वेळा आंब्याच्या बागेचं वळण फार लवकर आलं. म्हणून लग्नाच्या दिवशी जीप चर्चच्या दाराकडे तोंड करून उभी करा. तुम्ही दोघं पुढे बसा, दोरोला पहिला गिअर टाकू दे. तुम्ही लांब जात राहाल आणि तरी तुमची तोंडं आमच्याकडेच असतील. मी दारात उभा राहून वळण येईपर्यंत हात हलवीन.

सोबत एक लिपस्टिक पाठवतो आहे. रंग बेर्तिंगने निवडला. ही दातांना लावायची नाही.

कुया आंबो